बिल कायम मुदतीआधी भरते, तरी दुसरं क्रेडिट कार्ड नाकारलं. आता थोडी बाकी ठेवून बघू का?

खतावणी · मंगळवार, रात्री ९.५०

मंडळी, शनिवारी बिलाची शेवटची तारीख आहे. त्याआधी मला ठरवायचंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. सतरा वर्षं झाली. पगार आता ३१,५०० हातात येतो, बँकेत जमा होतो. मिस्टर एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. २०१४ साली पगाराच्या बँकेनं मला कार्ड दिलं, लिमिट ४०,०००. किराणा, लाइट बिल, मुलीच्या क्लासची फी, सगळं त्याच्यावर. आणि बिल तयार व्हायच्या चार-पाच दिवस आधीच मी पैसे भरून मोकळी होते. अकरा वर्षांत एक रुपया व्याज नाही, एक दिवस उशीर नाही.

ही सवय माझ्या वडिलांची. ते गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा वाण्याची सात महिन्यांची उधारी अंगावर होती, आईच्या पाटल्या मोडून ती भागवली. मी तेव्हा आठवीत. पाटल्या रुमालात बांधून वडील सराफाकडे निघाले तेव्हा आई उंबऱ्यातसुद्धा आली नाही, आत भांडी घासत बसली. तेव्हापासून कुणाचं देणं डोक्यावर असलं की मला झोप लागत नाही.

आता मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. हॉस्टेल, लॅपटॉप, पुस्तकं, सगळं एकदम आलं. पैसे आहेत, पण दोन-तीन ठिकाणी पुढेमागे होणार. म्हणून वाटलं एक लाखाच्या लिमिटचं कार्ड असावं. दुसऱ्या एका बँकेत अर्ज केला. चार दिवसांत मेसेज: अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा आकडा, ७७१ आहे, चांगलाच म्हणायचा.

आमच्याकडे डिस्पॅचला एक मुलगा आहे, सत्तावीस वर्षांचा. तीन कार्डं, मिळून अडीच लाखांचं लिमिट, दर महिन्याला फक्त मिनिमम भरतो. त्याला वर्षातून दोनदा लिमिट वाढवू का म्हणून फोन येतात. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडनं बँकेला काही मिळतच नाही, मग ती कशाला विचारेल? बिल येऊ द्या, मिनिमम भरा, बाकी ठेवा. सहा महिन्यांत बघा."

म्हणून यावेळी पहिल्यांदाच मी आधी भरलं नाही. बिल आलंय १८,६४० रुपयांचं, मिनिमम ९३२. बाकी ठेवू का? सरळ वागणं हीच माझी चूक झाली का? मला खरंच समजून घ्यायचंय.

---

होटगीरोडकर · मंगळवार, रात्री १०.१५

ताई, तो मुलगा बरोबर सांगतोय. माझंपण असंच होतं. दोन वर्षं पूर्ण भरत होतो, लिमिट जागचं हललं नाही. मग गाडीच्या कामाला जास्त खर्च झाला, तीन महिने थोडं थोडं भरलं, आणि लगेच लिमिट ६० चं १ लाख १० झालं. बँकेला कमाई दिसली पाहिजे. थोडं व्याज गेलं तर गेलं.

---

शाखेतले काका · बुधवार, सकाळी ७.०५

ताई, शनिवारी पूर्ण १८,६४० भरा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी एका बँकेत एकतीस वर्षं होतो, शेवटची नऊ कर्ज विभागात. आता जुळे सोलापुरात घरी असतो. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

आधी पैशाचं बघू. ९३२ भरलेत तर १७,७०८ मागे राहतात. कार्डाचं व्याज बहुतेक ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तेवढ्यावर महिन्याचे ६२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७३० च्या घरात. म्हणजे तुम्ही भरलेल्या ९३२ मधले ७३० पुढच्या बिलात व्याज म्हणून परत येऊन बसतात. आणि हा हिशेब मी सौम्य धरलाय. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदतच जाते. व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि पुढच्या महिन्यात घेतलेल्या तेलाच्या पिशवीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. होटगीरोडकर, तुमचं "थोडं व्याज" किती झालं ते तीन बिलं काढून एकदा बेरीज करून बघा. मनापासून सांगतोय.

दुसरं. बाकी ठेवल्यानं सिबिल स्कोअर वाढत नाही. हा समज मी शेकडो लोकांकडून ऐकलाय. पूर्ण भरलं काय, मिनिमम भरलं काय, वेळेवर भरल्याची नोंद दोन्हीकडे सारखीच पडते. बाकीमुळे फक्त तुमच्या अंगावरचं देणं मोठं दिसतं.

मग त्या मुलाला फोन का येतात? कार्डाच्या धंद्यात दोन वेगळी टेबलं असतात असं समजा. एका टेबलाचा प्रश्न: हा माणूस पैसे बुडवेल का? दुसऱ्याचा: याच्याकडून मिळेल किती? मिनिमम भरणारा दुसऱ्या टेबलाचा लाडका. पण पहिलं टेबल त्याच्याकडे रोज डोळे वटारून बघत असतं. दोन हप्ते चुकले की हीच बँक लिमिट कापते, आणि ते सांगायला आधी फोन करत नाही. मी हे घडताना पाहिलंय, त्या वयाच्या मुलांच्या बाबतीत. त्याला हे तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल.

पूर्ण भरणाऱ्याकडून बँकेला काही मिळत नाही हेही खरं नाही. तुम्ही दुकानात कार्ड वापरलं की दुकानदाराच्या बँकेकडून तुमच्या बँकेला प्रत्येक व्यवहारात वाटा जातो. व्याजाएवढा नाही, पण बुडण्याची भीती नसलेला पैसा आहे तो.

आता तुमचं लिमिट. २०१४ साली तुमचा पगार किती होता? १२-१३ हजार असेल. बँकेच्या दप्तरी तुमचं उत्पन्न आजही तेवढंच असण्याची दाट शक्यता आहे. पगार त्याच बँकेत जमा होतो म्हणून कार्ड विभागाला आपोआप कळतं असं धरून चालू नका. आणि तुमची संमती घेतल्याशिवाय लिमिट वाढवायचं नाही असा नियम आहे, तेव्हा असं एखादं विचारणं मेसेजमधून आलं असेल आणि तुम्ही ते पुसलं असेल, असंही होऊ शकतं.

दुसऱ्या बँकेनं का नाकारलं हे नुसत्या स्कोअरवरून कळणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे अर्ज फेटाळला तर नेमकं कारण लेखी कळवावं लागतं. "अंतर्गत धोरण" हे कारण नव्हे. मेल करून मागा. वातावरणही जरा आखडलेलंच आहे: १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या कार्डावरच्या येण्यांचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे त्याच कर्जासाठी बँकेला स्वतःचं जास्त भांडवल अडकवावं लागतं. त्यानंतर दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची चौकशी जास्त कडक झाली.

आणि तुमच्या कर्जफेडीचा पूर्ण रिपोर्ट काढा, नुसता आकडा नको. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा स्वतः काढल्यानं स्कोअर कमी होत नाही. त्यात तीन गोष्टी बघा: तुमच्या नावावर कोणकोणती खाती दिसतात, चौकश्या किती (म्हणजे अर्जामुळे किती बँकांनी तुमचा रिपोर्ट उघडला), आणि कार्डाच्या खात्यावर दर वेळी शिल्लक देणं किती दाखवलंय.

---

आर्टिकलशिप_चालू · बुधवार, दुपारी १.३०

काकांच्या चौकश्यांच्या मुद्द्यात भर. मॅडम, "तुम्हाला कोणतं कार्ड मिळेल" असं सांगणाऱ्या एखाद्या ॲपवर माहिती भरली होती का? काही ठिकाणी एकच फॉर्म भरला तरी पाठीमागून चार-पाच बँकांकडे अर्ज जातात. महिन्याभरात इतक्या चौकश्या दिसल्या की बँकेला वाटतं माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. कुणी तुमचा रिपोर्ट उघडला तर त्याचा मेसेज येतो, फोनमध्ये शोधा.

---

मागवाली पूर्वभाग · बुधवार, संध्याकाळी ६.४०

माझा विषय थोडा वेगळा आहे पण इथंच विचारते. आमचे घरी चार माग आहेत, अशोक चौकाच्या पलीकडे. बावीस वर्षं भिशी भरते, एकदाही चुकवली नाही. सुताचे व्यापारी मला माझ्या शब्दावर माल देतात. पण बँकेत कार्डाचं विचारलं तर म्हणाले तुमचा इतिहासच नाही. रिपोर्टात आकड्याच्या जागी नुसतं एनएच असं येतंय. बावीस वर्षं कुठं गेली मग?

---

खतावणी · गुरुवार, रात्री ११.२०

काका, रिपोर्ट काढला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डाउनलोड केला आणि घरी येऊन पूर्ण वाचला. मुलगी शेजारी बसली होती. जे दिसलं ते क्रमानं सांगते.

कार्डाच्या खात्याखाली छत्तीस महिन्यांचे छत्तीस चौकोन आहेत, प्रत्येकात ०००, म्हणजे शून्य दिवस उशीर. टॉवेलच्या किनारीत चौकड्या असतात ना, एकसारख्या, एकही धागा न सुटलेल्या, तसे. बघून डोळे भरून आले, हे खोटं कशाला सांगू. पण त्याच पानावर चालू शिल्लक शून्य. मी कायम आधी भरते म्हणून. माझ्या बँकेला माझा खर्च दिसतो, पण बाहेरच्या बँकेला हा कागद बघून वाटेल की हे कार्ड कपाटात पडून आहे.

मग दुसरं खातं. घराच्या वरच्या मजल्याचं कर्ज मिस्टरांच्या नावावर आहे, हप्ता ११,४००. मी सहकर्जदार म्हणून सही केली होती. तो हप्ता त्यांच्या पगारातून जातो, म्हणून माझ्या डोक्यात ते "त्यांचं" कर्ज. रिपोर्टात मात्र ते माझ्याही नावावर पूर्णच्या पूर्ण दिसतंय, अर्धं नाही. ३१,५०० पगार आणि ११,४०० हप्ता, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त आधीच गेला असं त्या बँकेनं धरलं असणार.

तिसरं, चौकश्या पाच. चार एकाच आठवड्यात. फोनमध्ये शोधलं तर चारही मेसेज आलेले, मी जाहिरात समजून उघडलेसुद्धा नव्हते. ॲपवर फॉर्म भरला होता ते खरं आहे.

चौथं म्हणजे एक फ्रीज. २०१९ ला दुकानात हप्त्यावर घेतलेला, दहा हप्ते, दहाही वेळेवर गेले. ते खातं अजून चालू दाखवतंय, ४७२ रुपये येणं म्हणून. मला त्याचं पत्र नाही, फोन नाही.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. रात्री भाकरी करताना सुचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे आंध्रातली एक पार्टी आहे. सात वर्षं ती पूर्ण ॲडव्हान्स देऊन माल नेते. गाडी भरायच्या आधी पैसे खात्यात. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी पहिल्यांदा ४५ दिवसांची उधारी मागितली, साडेचार लाखांच्या मालावर. शेठनी मला विचारलं, काय करायचं? मी खतावणी उघडली. त्यांच्या पानावर येणं कधीच नव्हतं, त्यामुळे किती दिवसांत भागवतात हे बघायला काहीच नव्हतं. मी म्हणाले, शेठ, माणूस चांगला आहे पण यांचा उधारीचा अनुभव नाही आपल्याला, अर्धे आधी घ्या. आणि त्याच आठवड्यात हैदराबादच्या दुसऱ्या पार्टीला मी डोळे मिटून तीन लाख सोडले, कारण ती कायम पन्नासाव्या दिवशी का होईना, पण देते. तिचं पान भरलेलं आहे.

त्या ॲडव्हान्सवाल्या भल्या माणसाशी मी जे वागले, तेच बँक माझ्याशी वागली. फोनवर "ठीक आहे ताई" एवढंच म्हणाला होता तो. आज कळलं त्याला कसं वाटलं असेल.

आता प्रश्न: बिल तयार होऊ द्यायचं आणि मग पूर्ण भरायचं, एवढं केलं तर पुरे का?

---

शाखेतले काका · शुक्रवार, सकाळी ६.५०

ताई, तुमच्या पार्टीचं उदाहरण मी नोकरीत असतो तर नवीन पोरांना हेच सांगितलं असतं.

हो, बिल होऊ द्या आणि मुदतीच्या आत सगळं भरा. फक्त एक अडचण आहे. ४०,००० च्या लिमिटवर १८,६४० म्हणजे साधारण ४७ टक्के वापर दिसतो. ३० टक्क्यांच्या आत असावा असा ठोकताळा आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत १२,०००. हा कायदा नाही, एखाद्या महिन्यात वर गेलं म्हणून आकाश कोसळत नाही. पण लिमिट वाढेपर्यंत बिलाच्या आधी सहा-सात हजार भरा, बाकीचं बिलात येऊ द्या. एक लाख लिमिट झालं की तोच खर्च १९ टक्के दिसेल आणि ही कसरत संपेल. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना या कंपन्यांकडे किमान पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे फरक दिसायला पूर्वीसारखा दीड-दोन महिने थांबावं लागत नाही.

चौकश्यांवर उपाय एकच, सहा महिने कुठेही अर्ज नको. नवीन बँकेच्या मागे लागू नका, तुमच्या जुन्या बँकेकडे अकरा वर्षांचा तुमचा वापर आहे, तिथेच लिमिट मागा. घराच्या कर्जाचं काही करायचं नाही, ते नियमित आहे आणि तुमच्या बाजूनंच बोलतं. फक्त अर्जात मिस्टरांच्या पगाराचा आणि हप्ता त्यांच्या खात्यातून जातो याचा कागद जोडा.

फ्रीज मात्र सोडू नका. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाका, कर्ज देणाऱ्यालाही मेल करा, दहा हप्ते गेल्याचं पासबुकाचं पान जोडून. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते. ते ४७२ कसले आहेत हे लेखी कळेपर्यंत भरू नका, आणि "सेटलमेंट करून टाकू" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. "सेटल्ड" हा शब्द रिपोर्टात आला की पुढचा प्रत्येक जण तो वाचतो.

मागवाली ताई, तुमची बावीस वर्षं कुठेच गेली नाहीत, सुताच्या व्यापाऱ्याकडे आहेत. पण तो त्याची वही सिबिलला पाठवत नाही, आणि भिशीही नाही. एनएच म्हणजे वाईट नव्हे, कोरं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही एवढ्यावरून फेटाळू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरी वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा भिशी लागली की त्यातले वीस-पंचवीस हजार मुदत ठेवीत टाका आणि त्या ठेवीवर कार्ड घ्या. लिमिट ठेवीपेक्षा थोडं कमी मिळतं, ठेवीवर व्याज चालूच राहतं. महिन्याला दोन-अडीच हजारांचा किराणा त्याच्यावर घ्या आणि पूर्ण भरा. थकवलंत तर बँक ठेवीतून वळतं करून घेते, एवढं लक्षात असू द्या.

---

होटगीरोडकर · शुक्रवार, दुपारी ३.१०

काका, बेरीज केली. तीन महिन्यांचं व्याज आणि जीएसटी मिळून ४,१८६. मला हजार-बाराशे वाटत होतं. ताई, माझा सल्ला मी मागे घेतो. पूर्ण भरा.

---

खतावणी · शनिवार, संध्याकाळी ७.३०

काल रात्रीच १८,६४० पूर्ण भरले.

आज दुसरा किंवा चौथा शनिवार नाही, बँक चालू होती, म्हणून अर्धी सुट्टी घेऊन शाखेत गेले. खिडकीवरच्या मुलीनं माझं कार्ड काढून बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वार्षिक उत्पन्न १,५६,०००. म्हणजे महिना १३,०००, माझा २०१४ चा पगार. काका, तुम्ही बरोबर होतात. अकरा वर्षं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि मिस्टरांच्या खात्याचा उतारा दिला. तिनं फॉर्म १६ मागितलाय, तो सोमवारी शेठकडून सही-शिक्क्यासह घेऊन देते. लिमिटचा अर्ज लेखी दिला, पोच घेतली.

फ्रीजची तक्रार टाकली, क्रमांक मिळाला. नाकारलेल्या बँकेला कारण विचारणारा मेल गेला.

डिस्पॅचच्या मुलाला बसवून त्याची तिन्ही बिलं बघितली. एका कार्डाची बाकी १४ महिन्यांत जवळजवळ तेवढीच आहे, आणि दर महिन्याला भरतोय बिचारा. दिवाळीच्या बोनसमधून ते एक आधी बंद करायचं असं दोघांनी मिळून कागदावर लिहिलंय.

आणि आंध्रातल्या त्या पार्टीला मी आज फोन केला. शेठशी बोलून ठेवलं होतं. या खेपेला दीड लाखाच्या मालावर ३० दिवस देतो म्हणाले. तो म्हणाला, ताई, आता गरज नाही, पण तुम्ही म्हणता तर घेतो. पुढच्या गुरुवारी त्याची गाडी भरते आहे.

मागवाली ताई, ठेवीच्या कार्डासाठी शाखेत कागद काय लागतात ते मी आज विचारून आलेय. आधार, पॅन, दोन फोटो. सोमवारी मी फॉर्म १६ द्यायला साडेदहाला जाणार आहे, जमत असेल तर तिथेच भेटा.